खिडक्या नसलेल्या इमारतीचा प्रश्न

१४ जुलै

माझी धाकटी जाऊ आजपासून माझ्या शाळेत शिकवायला लागली. ‘माझ्या शाळेत’ असं लिहिलं खरं. शाळा काही माझ्या नावावर नाही. पण सव्वीस वर्षं मी पाचवीला भाषा शिकवते आहे. तीन नंबरच्या खोलीतली खुर्ची माझ्या बसण्याने एका अंगाला झुकली आहे. तेवढा हक्क धरायला हरकत नसावी.

सकाळी ती वरच्या मजल्यावरून उतरून आमच्या दारात आली. “वहिनी, बरोबर जाऊ या ना? मला धडधडतंय.” एरवी जिना दणाणत उतरणारी बाई. मी म्हटलं, चल. रस्ताभर माझ्या कोपराला धरून होती. शाळेत पोचल्यावर अर्ध्या तासात मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सगळ्यांसमोर तिची ओळख करून दिली. “या नव्या पद्धतीचं शिक्षण घेऊन आल्या आहेत.” नवी पद्धत अशी की मुलांनी प्रश्न विचारायचे, मुलांनीच उत्तरं शोधायची आणि मुलांनीच ती लिहायची. मग बाईंनी काय करायचं, हे कुणी विचारलं नाही.

बारा टॅबलेट आले आहेत. कपाटाची किल्ली तिच्याकडे.

१८ जुलै

मंगळवार-शुक्रवारचे शेवटचे दोन तास माझ्या वर्गाकडून काढून तिला दिले. नाव ‘शोधतास’. माझ्याच वर्गातली मुलं, माझ्याच खोलीत. मी मागच्या बाकावर वह्या तपासत बसते, कारण शिक्षकांच्या खोलीत पंखा नाही. पंखा आहे, पण मला बघायचं असतं.

मुलं तिला ताई म्हणतात. मला सव्वीस वर्षं बाई, आणि ही चार दिवसांत ताई.

तिने आज फळ्यावर काहीच लिहिलं नाही. मुलांना खिडकीपाशी नेलं आणि म्हणाली, “बाहेर जे दिसतंय त्यातलं तुम्हाला न कळलेलं काय, ते सांगा.” दहा मिनिटं गोंगाट. मग एका मुलीने विचारलं, “ताई, त्या मागच्या इमारतीला एकही खिडकी का नाही?”

ही मुलगी मला चांगली माहीत आहे. जून महिन्यापासून तिने माझं डोकं उठवलं आहे. मी तिचं नाव प्रश्नपत्रिका ठेवलं आहे. धडा सुरू व्हायच्या आत हिचा हात वर. मी तिला सांगते, आधी ऐक, मग बोल. आज तिच्या त्या प्रश्नावर जाऊ इतकी खूश झाली की जणू पोरीने शोधच लावला. म्हणे, हाच आपला प्रश्न. पुढचे दोन महिने हाच.

ती इमारत म्हणजे जुना बर्फाचा कारखाना. मला विचारलं असतं तर मी एका वाक्यात सांगितलं असतं, थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून. माझे वडील तिथे एकोणीस वर्षं कामाला होते. पण मला कुणी विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगायला मी काही त्यांच्या शोधातली नाही.

२५ जुलै

ह्यांना जेवताना सांगितलं की तुमच्या भावाची बायको शिकवतच नाही, नुसती विचारते. हे म्हणाले, “तुझी निबंधाची वही ती परवा वर घेऊन गेली ना? धाकटा सांगत होता, वाचत बसते म्हणून.”

ती वही मीच दिली होती. तिने मागितली, मग काय नाही म्हणू? माझे त्र्याहत्तर निबंध आहेत त्यात. दर वर्षी मुलांना लिहून देते, मुलं पाठ करतात, स्पर्धेत नंबर आणतात. मागे एकदा तपासणीला आलेले साहेब हसून म्हणाले होते, “चाळीस वह्यांत चाळीस कुत्री, आणि सगळी इमानी.” मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं. आज लिहिताना तसं वाटत नाही. असो.

तिला वही कशाला हवी, ते कळतं मला. चुका काढायला.

५ ऑगस्ट

कारखान्याच्या भिंतीला मुलांनी आतून हात लावून पाहिला. रखवालदाराकडून परवानगी काढून ती सगळ्यांना घेऊन गेली होती. भिंत दुहेरी, मध्ये लाकडाचा भुसा. भगदाडातून मूठभर भुसा बाटलीत भरून आणला. ती बाटली आता माझ्या टेबलावर आहे, कारण दुसरीकडे जागा नाही म्हणे.

मग मुलांनी टॅबलेटवर एकेकाचा आवाज घेतला, फोटोंखाली ओळी लिहिल्या. चष्मेवाल्या मुलाने लिहिलं, “भिंत जाड आहे.” जाऊने विचारलं, “किती?” त्याने परत जाऊन मोजलं. “भिंत माझ्या हातापेक्षा जाड आहे.” ती म्हणाली, “तुझा हात वाचणाऱ्याला कुठे माहीत आहे?” पुन्हा गेला, पट्टी घेऊन. परत आला तेव्हा वाक्य झालं होतं, “भिंत एकसष्ट सेंटिमीटर जाड आहे, म्हणजे तिच्यात मी आडवा झोपू शकत नाही, पण माझी धाकटी बहीण झोपू शकेल.”

माझ्याकडे दोन महिन्यांत या मुलाने स्वतःचं एक वाक्य लिहिलेलं नाही. मी वह्यांवरची मान वर केली नाही. माझ्या हातून एका मुलीच्या वहीत लाल रेघ जरा जोरात ओढली गेली आणि पान फाटलं.

८ ऑगस्ट

मोठ्या बाईंनी सप्टेंबरमध्ये प्रदर्शन ठरवलं. मुलांचं पुस्तक छापायचं, टॅबलेटवर त्यांच्याच आवाजात ऐकवायचंही. गल्लीतल्या लोकांना बोलावणार. मला म्हणाल्या, “तुम्ही स्वागताचं बघा ना. तुमचं अक्षर छान आहे, पाट्या लिहा.”

पाट्या.

जिन्यावर जाऊ भेटली. “वहिनी, तुम्हाला पाट्यांचं कुणी सांगितलं? मी तुमचं नाव संपादनासाठी दिलं होतं.” मी म्हटलं, “मला काय, मी पाट्याही लिहीन.” ती उभी राहिली काही बोलण्यासाठी, मी दार लावून घेतलं. बोलायचं काय असणार? वरून गोड बोलायची तिला सवय आहे.

२२ ऑगस्ट

आज जे केलं ते लिहून ठेवते. कुठेतरी लिहिलेलं असावं.

प्रश्नपत्रिका मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. हातात पुस्तकाचा कच्चा मजकूर, अठरा पानं. “ताई म्हणाल्या, भाषा फक्त बाईंनाच तपासायला द्यायची. आणि गोष्टी बरोबर आहेत का तेही बघा, बाई.”

बसले तपासायला. एकतीस चुका. चौदाव्या पानावर कारखाना का बंद पडला ते होतं. “एके दिवशी यंत्रावरच्या कामगाराच्या हलगर्जिपणामुळे विषारी वायू सुटला. त्यानंतर कारखाना कायमचा बंद झाला.” खाली दोन आधार दिले होते. एक, ग्रंथालयाने टॅबलेटवर वाचायला ठेवलेलं तेव्हाचं वर्तमानपत्र. दुसरा, कुठलीशी वेबसाइट. जाऊचा नियमच आहे, एका आधारावर लिहायचं नाही, दोन हवेत. पण त्या वेबसाइटने त्याच वर्तमानपत्रातली ओळ शब्दन् शब्द उतरवली होती. दोन दिसत होते, होता एकच. आणि वर्तमानपत्राला ते सांगितलं होतं मालकाने.

खरं काय ते आमच्या घरात वडिलांनी, ते होते तोवर, शंभर वेळा सांगितलेलं आहे. नळी कुजलेली होती. यंत्रावरच्या माणसाने मालकाला तीनदा सांगितलं होतं. वायू सुटला तेव्हा तो तोंडाला ओलं फडकं बांधून व्हॉल्व्हचं चाक बंद करत उभा राहिला, बावीस माणसं बाहेर पडेपर्यंत. “आणि मी शेवटपर्यंत त्याच्याबरोबर,” असं म्हणून वडील घोट घ्यायचे चहाचा. त्या माणसाला गल्ली अजून यंत्रकाका म्हणते. चपला शिवणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत राहतात. दिसत फारसं नाही, छाती तेव्हापासून गेलेली. मुलगी कपडे शिवते.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग ‘हलगर्जिपणा’तली पहिली वेलांटी खोडून दुसरी केली आणि पान उलटलं.

मुलगी विचारत होती, “बाकी सगळं बरोबर आहे ना, बाई?” मी म्हटलं, “ठीक आहे.”

मनात एवढंच होतं की प्रदर्शनात कुणीतरी जुना माणूस उठेल आणि चारचौघांत म्हणेल, हे चूक आहे. तिलाही कळू दे की सगळं काही त्या काचेच्या पाटीत सापडत नसतं. एकदाच खाली बघू दे तिला. त्याहून जास्त वाईट काही माझ्या मनात नव्हतं.

२ सप्टेंबर

पुस्तक छापून आलं. शेवटच्या पानावर ‘तपासून दिले’ असं लिहून त्याखाली फक्त माझं नाव आहे. जाऊने आपलं नाव कुठेच घातलेलं नाही. हीसुद्धा मोठेपणा मिळवायची एक रीतच.

अजून सांगता आलं असतं. पान बदलून चिकटवता आलं असतं. काल जिन्यात तिच्यापाशी थांबलेही होते. तर ती म्हणाली, “वहिनी, तुमच्या वहीतला नदीचा निबंध मी मुलांना वाचून दाखवला. वर्णन असं करतात म्हणून.” मग मुलं काय म्हणाली, हे विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. ती वर निघून गेली. ते दुसरं राहूनच गेलं.

६ सप्टेंबर

प्रदर्शन झालं.

हॉलमध्ये बारा टेबलं, प्रत्येकावर एक टॅबलेट आणि दोन मुलं. मी दाराशी, माझ्या पाट्यांखाली. अकराच्या सुमाराला यंत्रकाका आले. मुलीचा हात धरून, धुतलेला सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मला वाटलं होतं ते घराबाहेर पडतच नाहीत. मी मुलीला विचारलं, “यांना कसं काय आणलंत?” ती म्हणाली, “तुमच्या जाऊबाई स्वतः बोलवायला आल्या होत्या, कारखान्यात काम केलेल्या सगळ्यांना. बाबा चार दिवस त्याच गप्पा करतायत. पोरांनी आपल्या कारखान्याचं पुस्तक केलंय म्हणून.”

मी त्यांना थांबवू शकले असते. दारातच होते. म्हटलं, “या.”

प्रश्नपत्रिकेने त्यांना खुर्चीवर बसवलं, कानाला हेडफोन लावले. आवाज तिचाच होता. हॉलच्या या टोकावरून मला नुसते ते दिसत होते. सुरुवातीला मान डोलावत होते, बोटाने मांडीवर ठेका धरल्यासारखं करत होते. बर्फाच्या लाद्यांचा भाग असणार तो. मग बोट थांबलं.

शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. मध्येच काढले नाहीत. मग हेडफोन उतरवले, वायरची नीट गुंडाळी केली आणि चाचपत टेबलावर ठेवली. प्रश्नपत्रिकेला काहीतरी विचारलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले. माझ्या शेजारून गेले. श्वासाची घरघर ऐकू आली.

प्रश्नपत्रिका धावत माझ्याकडे आली. “बाई, यंत्रकाकांनी विचारलं, हे तू वाचलंस? मी हो म्हटलं. ते म्हणाले, छान वाचतेस. त्यांना आवडलं, बाई.”

अर्ध्या तासाने काकांची मुलगी एकटीच परत आली. जाऊशी कोपऱ्यात बोलली. आवाज चढवला नाही. जाऊने खाली बघितलं.

हेच मला हवं होतं. दोन आठवडे मी याच क्षणाची वाट बघत होते. तिथे उभी राहून बघत होते, आणि मग सरळच असलेली पाटी सरळ करायला वळले.

७ सप्टेंबर

सकाळी वर गेले. ती पुस्तकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसली होती, एकशेवीस प्रती, प्रत्येकीतलं चौदावं पान उघडून. डोळे सुजलेले. दीर स्वयंपाकघरात भांडी घासत होते. मला बघून त्यांनी नळ बंद केला.

ती म्हणाली, “वहिनी, माझ्यामुळे झालं. दोन आधार एकाच ठिकाणचे आहेत हे मला दिसायला हवं होतं. काय तोंड घेऊन जाऊ त्यांच्याकडे?”

मी तिथेच गप्प बसले असते तर सगळं तिच्या माथी राहिलं असतं. तीच म्हणत होती तसं.

“मला दिसलं होतं,” मी म्हटलं.

“काय?”

“दोन्ही आधार एकच आहेत ते. आणि खरं काय झालं तेही माहीत होतं. वडील तिथेच होते माझे. मी मुद्दाम सांगितलं नाही.”

मला वाटलं रडेल, नाहीतर ‘जाऊ द्या वहिनी’ म्हणेल. तिने पुस्तक मिटलं.

“मला खाली बघायला लावायचं होतं तर मला एकटीला सांगायचं, वहिनी. त्या म्हाताऱ्या माणसाने काय केलं होतं तुमचं? आणि त्या पोरीने? स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवलं तिने त्यांना.” मग म्हणाली, “तुम्ही आता खाली जा.”

दीर म्हणाले, “अगं,” पण ती म्हणाली, “नाही, जाऊ दे त्यांना.”

मी खाली आले. हे विचारत होते काय झालं. म्हटलं, काही नाही.

११ सप्टेंबर

चार दिवस ती बोललेली नाही. सकाळी आधी निघते. जिना आता दणाणत नाही.

परवाच्या शोधतासाला तिने मुलांना चूक सांगितली. स्वतःची म्हणूनच सांगितली. माझं नाव काढलं नाही. मला वाटलं मुलं खट्टू होतील. दोन-तीन झालीही. प्रश्नपत्रिका रडली. पण मग तिनेच नाक पुसत विचारलं, “चूक नेमकी कुठून शिरली ते शोधायचं का?” आणि सगळे कागद काढून बसले. पेपरवाल्यांना कुणी सांगितलं, वेबसाइटने कुठून घेतलं, कुणी कुणी वाचलं, कुणी तपासलं. बोट एकेका नावावरून सरकत शेवटच्या पानावर आलं.

मुलगी मागच्या बाकाशी आली. “बाई, तुम्हाला माहीत होतं?”

जाऊ खिडकीशी पाठमोरी उभी होती.

“हो.”

“मग विसरलात का?”

पोरीने दार उघडं ठेवलं होतं माझ्यासाठी. हो म्हटलं की संपलं असतं.

“नाही. विसरले नव्हते. मला राग आला होता.”

“आमचा?”

“तुमच्या ताईंचा.”

“ताईंनी काय केलं होतं?”

“काहीच नाही.”

तिने जरा विचार केला. “म्हणजे कारण नव्हतं.”

“कारण होतं. तुम्ही इतकं चांगलं लिहायला लागलात, आणि ते माझ्याकडे असताना नाही, तिच्याकडे. मला हेवा वाटला. म्हणून सांगितलं नाही.”

चष्मेवाला म्हणाला, “माझी मोठी बहीण पण असं करते.” कुणी हसलं नाही. मुलीने टॅबलेटवर टिपून घेतलं. तिला तसंच शिकवलं आहे. मग वडिलांकडून ऐकलेली सगळी हकीकत मी मुलांना सांगितली, वडील शेवटपर्यंत काकांबरोबर होते तेही.

१३ सप्टेंबर

यंत्रकाकांकडे गेले. एकटीच. त्यांच्या मुलीने मशीन थांबवलं नाही, मानेनेच बसायला सांगितलं. मी सगळं सांगितलं, तिनेही ऐकलं.

काका म्हणाले, “कोणाची मुलगी म्हणालीस तू?” मी वडिलांचं नाव सांगितलं. “लाद्या उचलायचा तो. हां.” थोडं खोकले. “चाळीस वर्षं मालकाचं ऐकलं लोकांनी. मी कशाला सांगत बसू, म्हणून गप्प राहिलो. पण त्या पोरीचा आवाज गोड आहे गं. त्या आवाजात ऐकलं आणि मलाच वाटायला लागलं, झाली असेल का माझ्याकडून?”

मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर पाय मागे घेतले त्यांनी. “ते नको. पोरांना पाठव. त्यांना सांगतो.”

घरी येताना वर गेले. दार तिनेच उघडलं. “ते बोलायला तयार आहेत,” मी म्हटलं. ती म्हणाली, “बरं.” दार लावायच्या आधी म्हणाली, “मंगळवारी न्यावं लागेल. तुम्हीही चला.” आवाज अजून कोरडाच होता.

१६ सप्टेंबर

सहा मुलं, ती आणि मी. खोली एवढीशी; मुलं कापडाच्या गठ्ठ्यांवर बसली. प्रश्नपत्रिकेने टॅबलेट काकांसमोर धरला आणि विचारलं, “त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांगाल का?” किती साधा प्रश्न. मी असते तर म्हटलं असतं, ‘तुमच्या शौर्याबद्दल दोन शब्द सांगा.’

काकांनी सांगितलं. नळीला बांधलेली चिंधी, मालकाची तीन उत्तरं, डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं ते. मुलं मध्येमध्ये विचारत होती, चाक किती मोठं, किती वळसे. काका हवेत हात फिरवून दाखवत होते. जाऊ एक शब्द बोलली नाही. तिला ते जमतं, गप्प बसून मुलांकडून करवून घेणं. मला ते अजून टोचतं. लिहून ठेवते आहे, टोचतं.

मग मुलीने विचारलं, “तुमच्याबरोबर शेवटपर्यंत कोण होतं?”

“कुणी नाही.”

ती माझ्याकडे वळली. “पण बाईंचे बाबा होते ना? बाईंनी आम्हाला सांगितलंय.”

काका हसले. खूप दिवसांनी हसल्यासारखे, खोकला येईपर्यंत. “तो? तो सगळ्यात आधी पळाला. माझ्या अंगावरून उडी मारून. बरंच केलं. घरी लहान पोर होती त्याला. मीच ओरडत होतो, पळा म्हणून.”

ती पोर म्हणजे मी. शिवणयंत्र थांबलं.

बाबांचा चहाचा घोट माझ्या डोळ्यांसमोर आला. त्या वाक्यानंतर ते नेहमी थोडं थांबायचे. आम्हाला वाटायचं, आठवतंय त्यांना.

मुलीची बोटं टॅबलेटवर तशीच थांबली होती. तिने आधी जाऊकडे पाहिलं. जाऊ माझ्याकडे बघत होती, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तिच्या नजरेत राग नव्हता. पण मदतही नव्हती. हे तिने माझ्यावर सोडलं.

“बाई,” मुलीने हळूच विचारलं, “हे पुस्तकात घालायचं?”

“घालायचं.”

तिने लिहायला घेतलं आणि पुन्हा थांबली. “‘धावले’ लिहू की ‘पळाले’?”

‘धावले’ चाललं असतं. चांगला शब्द आहे, व्याकरणात बसतो, कुणाला खटकला नसता.

“काका काय म्हणाले?” मी विचारलं.

“पळाला.”

“मग तेच लिही.”